अण्णांची आवक नोंदवही

सरकारी कचेरीत माणसाच्या आयुष्याची खात्री कुणी देत नाही, कागदाच्या आयुष्याची मात्र देतात. 'अ' वर्गातला कागद कायम जपायचा. 'ब' वर्गातला 30 वर्षं, 'क' मधला 10 वर्षं, 'क-1' मधला 5 वर्षं. 'ड' म्हणजे वर्षभर ठेवायचा आणि फाडून टाकायचा.

आमच्या तहसील कचेरीतले अव्वल कारकून अण्णा हीच वर्गवारी साहेबांना लावत. नवा तहसीलदार हजर झाला की पहिला आठवडाभर अण्णा त्याच्याविषयी एक अक्षर बोलत नसत. चष्म्याच्या वरून नुसतं बघत. मग एके दिवशी टपरीवर, कपातला चहा बशीत ओतता ओतता निकाल लागायचा. "ड आहे. वर्षभर सांभाळा, मग आपोआप नष्ट होतंय." एखाद्याला 'क' मिळे. 'ब' क्वचित. 'अ' दर्जा त्यांनी एकदाच दिला, तोही वेगळ्या अर्थानं. त्या साहेबांना येणाऱ्या प्रत्येकाला "मी बघतो" म्हणायची सवय होती. माणूस खूश होऊन घरी जाई आणि त्याची नस्ती टेबलावर कायमची राही. "कायम राहतंय म्हणजे 'अ'च की," असं अण्णांचं म्हणणं.

अण्णा 1988 साली कारकून म्हणून लागले. मी त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा त्यांचे बरेच साहेब होऊन गेले होते. निवृत्तीपर्यंत सतरा झाले. एवढ्या साहेबांखाली काम केलेला माणूस एक तर संत होतो नाहीतर युनियनमध्ये जातो. अण्णा यांपैकी काहीच झाले नाहीत. ते विद्यार्थी झाले. आपण एक ना एक दिवस नायब तहसीलदार होणार, आपल्यालाही केबिन मिळणार, आणि त्या दिवसासाठी आजपासून अभ्यास करून ठेवला पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. खात्याच्या परीक्षा ते कधीच पास झाले होते. ही परीक्षा त्यांची त्यांनीच लावून घेतलेली.

अभ्यासाची वही म्हणजे लाल कापडी पाठीची एक कोरी आवक नोंदवही. टेबलाच्या डाव्या खणात, डब्याच्या खाली. रकाने छापील: अनुक्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, निपटारा. अण्णांनी रकाने बदलले नाहीत. सरकारी रकान्यात बसत नाही अशी गोष्ट जगात नाही असं ते मानत. 'कोणाकडून' खाली साहेबाचा क्रमांक. 'विषय' म्हणजे त्या साहेबापासून मिळालेला धडा. 'निपटारा' या रकान्यात पहिल्या पानापासून एकच शब्द, खाली तशाच खुणा: प्रलंबित.

एकदा त्यांनी मला ती वही वाचायला दिली. म्हणजे दिली नाही, स्वतः धरून दाखवली. "साहेब क्र. 3. समोर माणूस उभा असता आपण बसून पेपर वाचू नये." "साहेब क्र. 7. शिपायास 'अरे' म्हणू नये. वय पाहावे." "साहेब क्र. 7. शिपायास 'अहो' म्हणून चपला आणावयास पाठवू नये." बहुतेक सगळे धडे 'नये'चे. मी विचारलं, "अण्णा, करावं असं काहीच शिकवलं नाही का कुणी?"

"चांगल्या साहेबाकडनं शिकायला बुद्धी लागती," अण्णा म्हणाले. "वाईटाकडनं शिकायला नुसती नोकरी लागती."

त्यांच्या साहेबांना नावं नव्हती, लकबी होत्या. 'चर्चा करावी' साहेब प्रत्येक टिप्पणीवर तेवढे दोनच शब्द लिहीत. चर्चेला गेलं की खुर्चीत मागं रेलून म्हणत, "असं तोंडी नको, काय ते लिहून आणा." लिहून नेलं की पुन्हा 'चर्चा करावी'. एका बिनशेती प्रकरणात अण्णांनी मोजलं, चर्चा आणि लेखन मिळून अकरा हेलपाटे झाले, आणि शेवटी साहेबांचीच बदली झाली. नव्या साहेबांनी वर लिहिलं, 'पूर्वी चर्चा झाली असल्यास तसे नमूद करावे.'

मग 'हिरवी शाई' साहेब. मसुद्यात 'सदर' लिहिलं तर ते खोडून 'उपरोक्त' करत. दुरुस्त करून नेलं तर 'उपरोक्त' खोडून 'सदर'. अण्णांनी यावर उपाय काढला. पहिला मसुदा ते जपून ठेवत आणि तिसऱ्या वेळेला तोच पुढं करत. साहेब सही करत आणि म्हणत, "बघा, आता कसं जमलं."

'मस्टर' साहेब पावणेदहाला दारात मस्टर घेऊन उभे राहत. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासूनची, म्हणजे 2020 नंतरची ही गोष्ट. 9.46 ला आलेल्याच्या नावापुढं लाल पेनानं लेट मार्क. तीन लेट मार्कला एक किरकोळ रजा गेली. कचेरी अशी वेळेवर भरवून झाली की साहेब बाराला फिरतीवर जात. फिरती त्यांच्या सासुरवाडीच्या दिशेनं असे. मला त्यांचा राग येत नसे, कारण त्यांच्यामुळे दुपारी कचेरीत शांतपणे काम होई. अण्णांनी मात्र लिहिलं: "स्वतः मावळणाऱ्याने इतरांचा सूर्योदय तपासू नये." वाङ्मयीन धडा हा वहीत एवढाच.

एक साहेब प्रशिक्षणाहून आले ते आम्हाला 'टीम' म्हणायला लागले. खुर्च्या गोलाकार मांडल्या. सगळ्यांनी आपलं बालपणीचं स्वप्न सांगायचं ठरलं. शिपाई मामा म्हणाले, "शिपाई व्हायचं." साहेब म्हणाले, आपण एक कुटुंब आहोत. त्या महिन्यात तीन रविवार कामावर बोलावलं. कुटुंबात रजेचा अर्ज कोण देतं?

आणखी एकांनी 'लखिना पॅटर्न' राबवायचा चंग बांधला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरला जिल्हाधिकारी होते. कचेरीची मांडणी, दफ्तर, कामाची वाटणी सगळं त्यांनी असं बदललं की त्यांचं आडनाव हा महसूल खात्यात शब्दच होऊन बसला. जुने कारकून तो शब्द अजून आदरानं उच्चारतात. आमच्या साहेबांनी त्यातली टेबलं तेवढी घेतली. शनिवारी-रविवारी टेबलं हलली, सोमवारी आम्ही नव्या जागी बसलो. पंखे जुन्या जागी होते. उन्हाळाभर आवक-जावकच्या टेबलावर, जिथं आता कुणीच बसत नव्हतं, छान वारा येत होता.

चांगले साहेब आलेच नाहीत असं नाही. एक मॅडम होत्या, बाई असूनही सगळे त्यांना 'साहेब'च म्हणत. त्यांची एक पद्धत होती. अर्ज घेऊन माणूस आला की त्या विचारत, "आज कितव्यांदा आलात?" आणि अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक आकडा टाकत. 2. 3. आकडा 3 झाला की ती नस्ती इतर सगळं बाजूला सारून त्यांच्या टेबलावर येई. कायदा सांगतो की नस्ती कुठल्याही टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडू नये. तो 2006 पासून लागू आहे आणि आम्हा सगळ्यांना पाठ आहे. मॅडमच्या पेन्सिलीला मात्र आम्ही घाबरायचो. आरडाओरडा नाही, नोटीस नाही. कोपऱ्यातला एक आकडा. अण्णांनी वहीत लिहिलं, "फेऱ्या मोजाव्यात," आणि खाली दोन रेघा ओढल्या. हा त्यांचा पहिला 'व्यात'.

आणि मग सोळावे साहेब. यांना टोपणनावच पडलं नाही. आवाज बेताचा, चालणं बेताचं, टेबलावर बेल होती पण ती वाजत नसे. आठवडा उलटला, महिना उलटला, अण्णा वर्ग जाहीर करीनात. "वर्ग लागंना," एवढंच म्हणाले.

ते साहेब असताना 2019 चा महापूर आला. आमचा तालुका कृष्णाकाठचा. सांगलीत आयर्विन पुलाखाली 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. कचेरीतला मीटिंग हॉल म्हणजे नियंत्रण कक्ष झाला. आम्ही तिथंच जेवायचो, फायलींच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपायचो. निवारा केंद्रांना चपाती-चटणीची पाकिटं पाठवायचं काम अण्णांकडे. आमच्याकडे एकाच नावाची दोन गावं आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक, मधे नदी. बुद्रुक सगळं पाण्यात. गाव शाळेत येऊन बसलेलं. खुर्द टेकावर, तिथं अंगणसुद्धा भिजलं नव्हतं. तीन रात्रींच्या जागरणानं अण्णांच्या हातून टेम्पोच्या चिठ्ठीवर 'खु.' पडलं. पाकिटं खुर्दला गेली. सरकारनं एवढं पाठवलंय म्हणजे खायचंच असणार, म्हणून खुर्दच्या लोकांनी घरचं जेवण झाल्यावर तीही खाल्ली. बुद्रुकची माणसं रात्री साडेदहा वाजले तरी उपाशी.

अकराच्या सुमाराला जिल्ह्याहून फोन आला. पलीकडचा आवाज आम्हाला हॉलच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता. अण्णांचा चेहरा त्या चपातीसारखाच झाला होता, गार आणि कडक. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टेम्पो मी पाठवला, सर. चूक माझी. दुसरा अर्ध्या तासात निघतो." फोन ठेवला. मग निवारा केंद्रांची यादी पुढं ओढली, जिथं जिथं 'खु.' आणि 'बु.' होतं तिथं 'खुर्द', 'बुद्रुक' असं पुरं लिहून लाल पेनानं अधोरेखित केलं, आणि वर न बघता विचारलं, "अण्णा, चहा झाला का?"

बस. एवढंच.

अण्णा हादरले ते नंतर. पूर ओसरला, पंचनामे झाले, अनुदान वाटप झालं, आणि अण्णा रोज टपाल बघत होते. कारणे दाखवा नोटीस येणार याची त्यांना खात्री होती. नोटिशीचं उत्तर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, दीड पान, फार सुंदर होतं. नोटीस आली नाही. गोपनीय अहवालात काहीतरी असेल म्हणून वाट बघितली; शेरा चांगला निघाला. "हा माणूस राखून ठेवतोय," अण्णा मला म्हणायचे. "योग्य वेळी काढणार." वर्षानं साहेबांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी अण्णांना राहवलं नाही. पाय धरायचेच बाकी ठेवून म्हणाले, "साहेब, त्या टेम्पोचं…"

"कुठला टेम्पो?" साहेब म्हणाले. आणि खरंच आठवत असल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

अण्णा दुखावले. चूक पोटात घातली याचं दुःख नव्हतं. पोटात घालून पचवून टाकली याचं होतं. माणसानं आपल्यावर उपकार करावेत आणि त्याची नोंदसुद्धा ठेवू नये, हे अभिलेखाच्या कुठल्या नियमात बसतं? वहीत 198 क्रमांकाला त्यांनी लिहिलं: "साहेब क्र. 16. टेम्पो." पुढं काही सुचलं नाही. निपटाऱ्यात 'प्रलंबित' लिहिलं, तेही नेहमीपेक्षा बारीक अक्षरात.

निवृत्तीला दहा महिने उरले असताना अण्णा नायब तहसीलदार झाले. संजय गांधी निराधार योजनेची शाखा त्यांच्याकडे आली. केबिन प्लायवूडची, भिंत छातीपर्यंत, त्यामुळे साहेब बसले की गायब आणि उठले की डोकं दिसायचं. पहिल्या दिवशी अण्णांनी सर्वांसमक्ष टेबलावरची बेल उचलली आणि खणात ठेवली. साहेब क्र. 4 चा धडा. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी केबिनमधून टक टक आवाज आला. अण्णा काचेवर पेपरवेट आपटत होते. आठवड्याभरात शिपाई मामांनी भाषा बसवली: एक टक म्हणजे पाणी, दोन म्हणजे फाइल, तीन म्हणजे मी. चार म्हणजे अण्णा स्वतःच विसरलेत कशाला वाजवलं. मामा म्हणाले, "बेल बरी होती. तिला निदान एकच आवाज."

हिरवं पेन अण्णांनी खिशाला लावलं नाही. 'सदर'चं 'उपरोक्त' ते पेन्सिलीनं करत. "ही दुरुस्ती न्हवं, सूचना आहे." 'चर्चा करावी' असं त्यांनी एकदाही लिहिलं नाही, ते 'बोलू' लिहीत. लेट मार्क बंद केला. त्याऐवजी पावणेदहाला दारात उभे राहून उशिरा येणाऱ्याला हात जोडून नमस्कार करू लागले. नुसता नमस्कार, शब्द नाही. तिसऱ्या नमस्काराला आमच्यातल्या एकानं रजाच टाकली.

आणि फेऱ्या मोजण्याचा धडा त्यांनी मनावर घेतला. मॅडमची पेन्सिल त्यांना कच्ची वाटली, पुसली तर? म्हणून 'अभ्यागत फेरी नोंदवही' सुरू झाली. मामा दारातल्या टेबलावर. अर्जदारानं आधी नोंद करायची, मग केबिनला यायचं. नोंदवहीची वेळ अकरा ते एक. एकनंतर आलेल्या माणसाला आपली फेरी नोंदवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागे, आणि ती फेरी रीतसर मोजली जाई. आकडे फार छान वाढले. ते वाचायचे कुणी, एवढं ठरवायचं राहून गेलं होतं.

फेब्रुवारीत माझ्या हातून एक आजी मेल्या.

म्हणजे हयातीच्या यादीत. एकाच गावात एकाच नावाच्या दोघी. एक खरोखर वारली होती, 'मयत' मी दुसरीच्या पुढं लिहिलं. तिचे महिन्याचे 1000 रुपये बंद झाले. आजी येत होत्या, मामांच्या टेबलावर नोंद करत होत्या, मामा 'आजी, संजय गांधी' असं लिहीत होते, आणि आजी परत जात होत्या. शेवटी गावच्या सरपंचानं सरळ प्रांतसाहेबांना फोन लावला.

तीन टका वाजल्या. मी केबिनमध्ये गेलो तेव्हा अण्णा उभं राहून फोनवर बोलत होते, म्हणजे फोन प्रांतांचाच. मला बघून त्यांचे डोळे मोठे झाले. पलीकडून विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं: "यादी कुणी केली?"

अण्णांचा हात पेपरवेटकडे गेला. मग पेन्सिलीकडे. मग नुसताच काचेवर पडून राहिला.

"यादी मी केली, साहेब," अण्णा म्हणाले. "व्हय. माझीच चूक… बाई? चार वेळा आल्या. नाही नाही, अंदाज नाही साहेब, नोंद आहे. नोंदवहीच ठेवलीय… नाही साहेब. नोंदवही बघायला सवड झाली नाही."

त्यानंतर पाचेक मिनिटं ते "व्हय साहेब" एवढंच म्हणत होते. फोन ठेवला, खुर्चीत बसले, भिंतीमागं गायब झाले. मी तसाच उभा. त्यांनी यादी मागितली, त्या दोन नावांपुढं दोघींच्या नवऱ्यांची नावं पुरी लिहिली, लाल पेनानं खाली रेघ ओढली. मग मान वर न करता म्हणाले, "काय रं, चहा झाला का?"

माझ्या घशात आवंढा आला. खोटं कशाला सांगू, डोळ्यात पाणीही आलं असतं. पण अण्णांनी मान वर केली.

"आत्ता मी काय केलं," ते म्हणाले, "कळलं का तुला?"

आजींचं काम त्यांनी त्याच दिवशी केलं. दुरुस्तीचा कागद स्वतः हातात घेऊन तीन टेबलं फिरले. आणि प्रत्येक टेबलावर टेम्पोची गोष्ट सांगून वर आजची गोष्ट सांगितली. संध्याकाळपर्यंत टपरीवाल्याला कळलं. दुसऱ्या दिवशी जीपचा ड्रायव्हर मला म्हणाला, तुमच्यावर मोठे उपकार झाले म्हणे. निवृत्त झालेल्या दोन अव्वल कारकुनांना फोन गेले. अण्णांनी आजींनाही सोडलं नाही. बोलावून खुर्ची दिली आणि म्हणाले, "आजी, तुम्हाला मारलं कुणी आणि बोलणी खाल्ली कुणी, ठाऊक आहे का?"

"मला काय करायचंय?" आजी म्हणाल्या. "मी जित्ती हाय न्हवं? पैशाचं बोला."

अण्णांचा जन्म 1 जूनचा. म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचा. त्या पिढीतलं निम्मं खातं गुरुजींच्या कृपेनं 1 जूनलाच जन्मलं आहे. त्यामुळे 31 मे 2022 ला तालुक्यात एवढी माणसं एकदम निवृत्त झाली की हार कमी पडले आणि अण्णांच्या गळ्यात आला तो आधी एका मंडळ अधिकाऱ्याच्या गळ्यात होता. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. तिन्ही भाषणांत 'शिस्तप्रिय' हा शब्द आला. अण्णांना तो आवडला नाही, साहेब क्र. 11 च्या निरोपाला त्यांनी स्वतःच तो वापरला होता.

चारच्या सुमाराला तीन टका वाजल्या.

लाल पाठीची वही काचेवर उघडी होती. 'निपटारा' रकान्यात पानामागून पान 'प्रलंबित', आणि अण्णा एकेका ओळीपुढं 'ड' लिहीत चालले होते. 198 ला थांबले. तिथं त्यांनी फेब्रुवारीतली ती तारीख घातली आणि पुढं लिहिलं, 'निकाली'. मग वही माझ्याकडे फिरवली.

"पोच दे."

मी बघत राहिलो.

"काम तुझ्याकडं पोचलं न्हवं? मग पोच नको? सोळा नंबर साहेबानं घेतली नाही म्हणून तीन वर्षं माझा जीव टांगणीला लागला होता."

मी सही केली. अण्णांनी सही निरखली. "शिक्का?"

आवक-जावकच्या टेबलावरून तारखेचा शिक्का आणला. शाईचं पॅड सुकलेलं होतं. दोन थेंब पाणी टाकलं, शिक्क्यावर तोंडानं वाफ धरली आणि दाबला. उचलून बघतो तर उमटला होता ठळक, पण समारंभाच्या गडबडीत सकाळपासून कुणी आकडे फिरवले नव्हते. तारीख 30 मे.

अण्णांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं, आणि खिशातली पेन्सिल काढली.